सेरेब्रल पाल्सी असलेल्या लेकराला रानात न्यायचं आहे: बोर, ताडोबा की जवळचं वन उद्यान?

वावरवाट (तालुका समुद्रपूर, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. मुलगा ९ वर्षांचा, वजन २२ किलो. सेरेब्रल पाल्सी (लहानपणी मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं) आहे, दोन्ही पाय आणि उजवा हात ताठ. मान धरतो, पण आधाराशिवाय बसता येत नाही. पायात गुडघ्याखालच्या स्प्लिंट (पाय सरळ धरणारे कडक आधार) असतात. फिटचं औषध सकाळ-संध्याकाळ चालू आहे, शिवाय ताठरपणा आणि लाळ यासाठी ट्रायहेक्सीफेनिडिल. बोलत नाही, चित्राकडे बोट किंवा नजर नेऊन सांगतो. हॉर्न किंवा डीजे अचानक वाजला की सगळं अंग कडक होतं. पक्षी, पाणी आणि पानांतून पडणारं ऊन पाहताना मात्र अर्धा-अर्धा तास रमतो.

खुर्ची साधी घडीची, मागची चाकं मोठी आणि हवेची, पुढची लहान. नाताळच्या सुट्टीत सगळे घरी असतील तेव्हा एक दिवस रानात न्यावं असं ठरतंय. घरचे म्हणतात ताडोबाची सफारी करू, वाघ दिसेल. मला धाकधूक आहे. कुठे न्यावं, किती वेळ, सोबत काय घ्यावं, आणि काय बिघडू शकतं, हे नीट माहीत असलेल्यांनी सांगावं.

---

मोहफूल (निसर्ग मार्गदर्शक)

ताई, ह्या खेपेले सफारी मनातून काढा. काहून ते सांगतो.

जिप्सी उघडी असते. मागच्या बाकड्याले पट्टा नसते, धरायले फक्त लोखंडी दांडा. रस्ता मातीचा, मधात नाले लागते, गाडी उसळते. ज्या लेकराले बसायले आधार लागते त्याची मान अन् पाठ चार तास हे झटके सोसू शकत नाही. मांडीवर घेऊन बसलं तं धरणाऱ्याचाच तोल जाते. कोअरमधात, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात, खाली उतरू देत नाही, म्हणजे लंगोट बदलणं, पाय मोकळे करणं, फिट आली तं आडवं करणं, सगळं त्या बाकड्यावरच. अन् गेटपासून खूप आत असलं तं वापस यायलेच तास लागू शकते. सकाळची फेरी म्हणजे अंधारात उठणं, डिसेंबरची थंडी अन् वरून गाडीचा वारा. ताडोबाच्या कोअरमधात मोबाइलही नेऊ देत नाही, मंगळवारी सफारी बंद राहते, हेही घरच्यायले सांगा.

वाघच पाहायचा असन तं नागपूरचं गोरेवाडा प्राणी उद्यान पाहा. तिथं बंद बसमधून सफारी होते, वेळ कमी लागते. तरी बसच्या पायऱ्या उंच असते, लेकराले उचलूनच चढवावं लागन, अन् खुर्ची कुठं ठेवू देते हे आधी विचारून घ्या.

बोर तुमच्या जिल्ह्यातच हाय, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाला. पण तिथंही आत जायचं म्हणजे जिप्सीच. म्हणून नाव पाहून जाऊ नका, जमीन पाहून जा. तुमच्या कामाची जागा कोणती? जिथं गाडी सावलीपर्यंत जाते, मुरूम दाबलेली पायवाट हाय, पाणी दिसते पण काठाले कठडा हाय, अन् शंभर पावलाच्या आत संडास हाय. वन विभागाची निसर्ग पर्यटन केंद्रं, रोपवाटिका, तालुक्याच्या गावाजवळची वन उद्यानं, यायच्यात अशा जागा भेटते. चंद्रपूरकडं जाणं होत असन तं विसापूरचं वनस्पती उद्यान मोठं हाय. सेवाग्रामचा आश्रमही चांगला: मोठी झाडं, सपाट अंगण, गोंगाट नाही. तिथं हे रान नाही असं घरचे म्हणतीन, पण तुमच्या लेकराले पाखरू अन् ऊन-सावली पाहायची हाय, ते तिथं भरपूर हाय.

एक मोठा माणूस चार-पाच दिवस आधी जाऊन पाहून या. त्यानं काय पाहावं: गाडीपासून सावलीपर्यंत किती पायऱ्या हाय, फाटकात खुर्ची मावते का (फिरतं फाटक किंवा आडवा दांडा असला तं कुलूपवालं मोठं फाटक कोण उघडून देते, त्याचा नंबर), संडासचं दार किती रुंद, नळाले पाणी येते का, मोबाइलची रेंज कुठपर्यंत. शाळेची सहल त्या दिवशी येणार हाय का तेही विचारा. डिसेंबर-जानेवारीत सहली लय असते, अन् दोन बस पोट्टे उतरले की शांतता गेली.

अन् वर पाहा. मोठ्या झाडाले, पाण्याच्या टाकीले, पुलाखाली आग्या मोहोळ असते. बाकीचे पळू शकते, खुर्चीवाल्या लेकराले पळता येत नाही, म्हणून मोहोळ दिसलं की तिथं बसायचंच नाही, कितीही छान सावली असो. वासाचं तेल, अत्तर, पावडर त्या दिवशी नको. शेकोटी, धूर बिलकुल नको.

खाजकुहिली हिवाळ्यात वाळते. तिच्या शेंगेवरची लव वाऱ्यानं उडते. कुंपणावर, झुडपावर सोनेरी-तपकिरी केसाळ शेंगा दिसल्या तं तिच्यावरून वारा ज्या बाजूले वाहते त्या बाजूनं खुर्ची नेऊ नका. लागलीच तं चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा, कपडे बदला, मंग साबणानं धुवा. न बोलणारं लेकरू नुसतं रडते अन् आपल्याले कळत नाही काहून रडते, म्हणून हे लक्षात ठेवा.

---

फिजिओ_यवतमाळ

मोहफूल यांनी जागेचं नेमकं सांगितलं आहे. मी खुर्ची आणि बसण्याबद्दल सांगतो.

हवेच्या टायरचा आपल्याकडे एकच मोठा वैरी, बाभळीचा काटा. पंक्चर झालं की प्रश्न फक्त ढकलण्याचा राहत नाही. साध्या खुर्चीचा ब्रेक टायरवर दाबून धरतो, हवा कमी झाली की तो पकडत नाही आणि उतारावर खुर्ची सरकते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी हवा भरा, दोन्ही ब्रेक लावून खुर्ची ढकलून पाहा. हलली तर ब्रेकचा नट सैल करून तो टायरजवळ सरकवून घ्या, सायकलवाला पाच मिनिटांत करतो. सोबत एक जादा ट्यूब, पंप आणि पान्हा ठेवा. रानात वरचेवर जाणार असाल तर भरीव टायर बसवा. ते जड असतात, धक्का जास्त देतात, त्यामुळे गादी चांगली लागते: कडक फोमचा किमान ५ सेंमी थर, वर सुती कापड.

मुरमावर, गवतात, पांदण रस्त्यावर पुढची लहान चाकं रुततात, खुर्ची एकदम थांबते आणि मूल पुढे फेकलं जातं. हाच सगळ्यात नेहमीचा अपघात. उपाय सोपा आहे. असा पट्टा आला की खुर्ची वळवून उलटी ओढा, म्हणजे मोठी चाकं आधी जातात. पट्टा लहान असेल तर मागच्या बाजूला खाली जी आडवी नळी असते तिच्यावर पाय देऊन खुर्ची थोडी मागे कलवा, पुढची चाकं उचलून मागच्या दोन चाकांवर न्या. उतार नेहमी उलटं उतरायचं, मुलाची पाठ उताराकडे. काळ्या मातीत पाऊस पडून गेला असेल तर तो दिवस सोडून द्या. ती माती चाक आणि चौकटीमध्ये भरते, चाक फिरत नाही, आणि २२ किलोचं मूल व खुर्ची मिळून उचलत न्यावं लागतं.

रॅम्पचा नियम १ ला १२. म्हणजे १५ सेंमीच्या पायरीला १८० सेंमी लांब फळी हवी. एवढी फळी कोणी नेत नाही, म्हणून एक-दोन पायऱ्या असतील तर दोघांनी खुर्ची उचलायची: एक मागे मुठींना, एक पुढे चौकटीला. पुढच्याने पायाच्या फळ्यांना किंवा हातांच्या दांड्यांना धरू नये, त्या निघून हातात येतात.

आता बसवणं. क्रम असा: आधी कंबर पूर्ण मागे टेकवा, मग कमरेचा पट्टा बांधा, तो मांडी आणि पोटाच्या वळीत तिरका, ४५ अंशात बसला पाहिजे. मग पाय फळीवर, पोटऱ्यांमागे पट्टी. छातीचा पट्टा सगळ्यात शेवटी. कमरेचा पट्टा न बांधता फक्त छातीचा कधीही बांधू नका. मूल खाली घसरलं की तोच पट्टा गळ्याशी येतो. उजवीकडे कलत असेल तर दुपट्ट्याची घट्ट गुंडाळी करून बगलेखाली लावा, बगलेत खोचू नका. दर ३० मिनिटांनी जागा बदला: दहा मिनिटं चटईवर कुशीवर, किंवा पोटाखाली उशी देऊन पालथं. जमिनीवर झोपून वर पाहणं हाच बऱ्याच मुलांच्या सहलीतला सर्वांत आनंदाचा भाग असतो, त्यामुळे चटई विसरू नका. जाड सतरंजी घ्या आणि तिच्याखाली प्लास्टिकची ताडपत्री, ओल लागत नाही, कुसळं घुसत नाहीत.

स्प्लिंटबद्दल खास. डिसेंबरात गवताची कुसळं मोज्यांत शिरतात आणि स्प्लिंटच्या आत दाबली जातात. तासाभराने एकदा काढून पाय पाहा. त्वचेवर लाल डाग असेल आणि २०-३० मिनिटांत गेला नाही तर त्या दिवशी स्प्लिंट परत घालायची नाही.

गाडीत खुर्चीवर बसवून नेऊ नका, साध्या खुर्चीला गाडीत बांधायची सोय नसते. सीटवर बसवा, गाडीचा पट्टा लावा, बाजूला एक मोठं माणूस. पुढच्या सीटवर मांडीवर तर अजिबात नको.

---

वावरवाट

दोघांचे मनापासून आभार. सफारी रद्द, घरच्यांनाही पटलं. सेवाग्राम किंवा तालुक्याजवळचं वन उद्यान बघतो. दोन प्रश्न राहिले. सकाळी किती वाजता पोहोचावं? आणि त्याला डब्यात काय द्यावं? घरी घोटलेला वरणभात खातो, पाणी पिताना कधीकधी ठसका लागतो.

---

बालविभाग_सिस्टर

वेळ: डिसेंबर-जानेवारीत ९ ते ११.३०. त्याआधी गारठा असतो आणि थंडीत ताठरपणा वाढतो, म्हणून पहाटेची घाई नको. घाईचं दुसरंही नुकसान आहे: अपुरी झोप हे फिट येण्याचं मोठं कारण. आदल्या रात्री नेहमीच्या वेळी झोपू द्या, सकाळचं औषध नेहमीच्याच वेळी, नेहमीच्याच खाण्यासोबत द्या. प्रवासात उलटी होईल म्हणून औषध पुढे ढकलतात, तसं करू नका. औषध दिल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा द्यायचं का, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या.

तुम्ही ट्रायहेक्सीफेनिडिल लिहिलंत ते बरं झालं. या औषधाने घाम कमी येतो. टोपिरामेट आणि झोनिसामाइड या फिटच्या औषधांनीही लहान मुलांत तसं होतं. घाम नाही म्हणजे अंग स्वतःहून थंड होत नाही. विदर्भात नोव्हेंबरच्या दुपारीसुद्धा अशा मुलाचं अंग तापतं आणि घरच्यांना ताप आला असं वाटतं. चेहरा लाल, कातडी कोरडी आणि गरम, मूल सुस्त, असं दिसलं तर लगेच सावलीत, कपडे सैल, ओल्या कापडाने मान, बगल, जांघ पुसा, वारा घाला. तरीही शुद्ध नीट वाटत नसेल तर दवाखाना. मार्च ते जून अशा मुलांना दिवसा रानात नेण्याचा विचारच करू नये, ऑक्टोबरच्या उकाड्यातही नको.

डबा: घोटलेला वरणभात उत्तम, पातळ नको, चमच्यावरून हळू घसरेल इतका घट्ट. केळं कुस्करून चालेल. चिवडा, कोरडे पोहे, शेंगदाणे, फुटाणे, संत्र्याची फोड सालीसकट, हे नाही. पाण्याला ठसका लागतो म्हणजे पातळ पदार्थ चुकून श्वासनळीकडे जातोय. डॉक्टर किंवा स्पीच थेरपिस्ट यांनी घट्ट करून द्यायला सांगितलं असेल तर बाहेरही तसंच द्या, बाहेर आहोत म्हणून बाटली तोंडाला लावू नका. खाताना पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून. चालत्या गाडीत भरवणं नाही. खाल्ल्यावर अर्धा तास उभं बसवून ठेवा, मगच चटईवर.

फिट आली तर: घड्याळ पाहा. डाव्या कुशीवर करा, डोक्याखाली मऊ काही, गळ्याचे बटण सैल. खुर्चीत असेल आणि पट्टे बांधलेले असतील तर घाईने ओढून काढू नका, ब्रेक लावा, डोकं बाजूला करून धरा, लाळ बाहेर येऊ द्या, तोंडात काही असेल किंवा श्वास अडतोय असं वाटलं तर मात्र खाली घ्या. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. कांदा, चप्पल हुंगवायला लोक पुढे येतील, त्यांना ठामपणे थांबवा. डॉक्टरांनी मिडाझोलमचा नाकातला फवारा लिहून दिला असेल तर किती पफ, कितव्या मिनिटाला, हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून बाटलीला बांधा. तो बंद गाडीत ठेवू नका, सोबतच्या माणसाच्या पिशवीत ठेवा, मुदतीची तारीख पाहा. ५ मिनिटांच्या वर गेली, किंवा एकामागून एक आल्या, तर १०८. रेंज नसलेल्या जागी १०८ लागणार नाही, म्हणून रेंज कुठे मिळते हे आधी पाहायला सांगितलंय ते फार मोलाचं आहे.

ऊन-सावली आवडते लिहिलंत. चटईवर पडून पाहायला काही हरकत नाही. पण चालत्या गाडीतून झाडांच्या रांगेतून ऊन लपलप करत डोळ्यांवर येतं, ते वेगळं. डॉक्टरांनी प्रकाशाने फिट येते असं सांगितलं असेल तर त्या पट्ट्यात टोपी खाली ओढा किंवा एक डोळा हाताने झाका.

---

शिकवण_ताई (विशेष शिक्षिका)

चित्रांबद्दल. मोबाइलवर ठेवू नका, कागदावर करा. उन्हात स्क्रीन दिसत नाही, आणि काही जागी मोबाइलला मनाई असते. पाहणीला जाणाऱ्या माणसाने तिथलेच पाच फोटो काढावेत: फाटक, झाड, पाणी, चटईची जागा, परत आपली गाडी. पोस्टकार्डाएवढे छापून, लॅमिनेट करून, उभ्या पट्टीवर वेलक्रोने लावा. एक झालं की काढून पिशवीत. आठवडाभर आधीपासून रोज रात्री पट्टी दाखवा. वेगळी तीन कार्डं हाताशी ठेवा: ‘दुखतंय’, ‘पुरे’, ‘घरी’. ‘घरी’ दाखवलं की खरोखर निघायचं, पोहोचून वीस मिनिटंच झाली असली तरी. एकदा दुर्लक्ष झालं की ते कार्ड मुलासाठी निरुपयोगी होतं आणि मग त्याच्याकडे रडण्याशिवाय काही उरत नाही.

आवाजासाठी कानावरचे मफ घ्या, हेडफोनसारखे, आतून गाणं नसलेले. घरी रोज दहा मिनिटं घालायची सवय करा, नाहीतर त्या दिवशी तेच नको होतील.  २५ डिसेंबर आणि ३१ डिसेंबर टाळा, कामाच्या दिवसाची सकाळ निवडा.

---

पिवळापळस (जि. भंडारा)

मधेच विचारतो. मुलगी ७ वर्षांची, स्वमग्न (ऑटिझम), चालते-पळते. हात सुटला की पाण्याकडे धावते. तिला नेताना?

---

शिकवण_ताई

दादा, तिची तयारी पूर्ण वेगळी. पाण्याकडे ओढ ही स्वमग्न मुलांत खूप दिसते आणि बुडणं हाच सगळ्यात मोठा धोका. उद्यानाच्या आत कठडा असतो, पण भिंतीपलीकडे कोणाचं वावर आहे, तिथे उघडी विहीर किंवा शेततळं आहे का, हे पाहा. शेततळ्याला प्लास्टिक अंथरलेलं असतं, ते इतकं घसरडं की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही काठावर चढता येत नाही. मोहफूल यांनी रानात भडक कपडे नको असं कुठे सांगितलं तरी उद्यानात तिला भडक केशरी किंवा पिवळाच सदरा घाला. एका वेळी एकाच मोठ्याची जबाबदारी, तोंडाने सांगून: “आता माझ्याकडे.” सगळेच बघतायत तेव्हा कोणीच बघत नसतं. सदऱ्याच्या आतून कापडी पट्टी शिवा, तिच्यावर दोन मोबाइल नंबर आणि ‘बोलत नाही, पाण्याकडे जाते’ एवढं लिहा. दिसेनाशी झाली तर आधी पाणी शोधायचं, रस्ता नंतर.

---

मोहफूल

बरोबर हाय. भडक कपड्याची मनाई आत सफारीत, उद्यानात नाही. केशरीच घाला.

अन् वानरांचं राहिलं. डबा उघडला की येते. खुर्चीवाल्या लेकराच्या हातात बिस्कीट, केळं देऊ नका, ते हिसकते अन् ओरबाडते. पिशवी खुर्चीच्या मुठीले लटकवू नका, वानरानं ओढली तं खुर्ची मागं पलटते.

घरी आल्यावर गोचीड पाहा: कानामागं, केसात, बगलेत, जांघेत, स्प्लिंटच्या पट्ट्याखाली. चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा. रॉकेल, काडी लावू नका.

---

बालविभाग_सिस्टर

गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडचे वाचत असतील तर सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) मुलांसाठी दोन ओळी. पाणी कमी पडणं आणि थंडी लागणं, दोन्हीने वेदनेचा झटका येतो. दर वीस मिनिटांनी पाणी, स्वेटर-मोजे असू द्या, तलावात किंवा नाल्यात खेळू देऊ नका, दमेपर्यंत पळवू नका. वेदनेचं औषध सोबत ठेवा. ताप आला तर घरी वाट न पाहता दवाखाना.

---

फिजिओ_यवतमाळ

वावरवाट, संडासचं कोणी लिहिलं नाही. बहुतेक ठिकाणी भारतीय पद्धतीचाच असतो आणि खुर्ची आत जात नाही. लंगोट वापरत असाल तर बदलायला खोलीची वाट पाहू नका: गाडीची मागची सीट, खाली मेणकापड, दोन्ही दारांना ओढण्या. ५ लिटरचा पाण्याचा कॅन धुण्यासाठी वेगळा न्या, पिण्याच्या पाण्यात धरू नका. वापरलेले लंगोट दुहेरी पिशवीत घालून घरी आणा, रानडुकरं आणि कुत्री उकरून काढतात.

---

साखरखेर्डा_काका

कागदपत्रांचं सांगतो. त्याचं वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, काढलेलं असेल तर मूळ आणि एक झेरॉक्स सोबत ठेवा. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्यावर असेल तर साध्या एसटीत तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, ६५ टक्क्यांवर असेल तर सोबतच्या एका माणसालाही ५० टक्के. कार्ड दाखवताना कंडक्टरला टक्के जिथे लिहिलेत ती बाजू दाखवा, वाद होत नाही. उद्यानाच्या तिकीट खिडकीवरही कार्ड दाखवून विचारा, प्रत्येक ठिकाणी नियम वेगळा असतो. कार्ड नसेल तर आधार, फोटो आणि उपचाराचे कागद घेऊन ऑनलाइन अर्ज भरा आणि जिल्हा सामान्य रुग्णालयात तपासणीचा दिवस कोणता ते विचारून जा. मुलाच्या मापाची, मानेला आणि पाठीला आधार असलेली सीपी चेअर (सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची खुर्ची) एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेच्या शिबिरात, ही साधनं बनवणाऱ्या अलिम्को या सरकारी कंपनीकडून मिळू शकते. त्यासाठी कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि माप तिथेच घेतात, म्हणून शिबिराला मुलाला सोबत न्यावंच लागतं.

---

वावरवाट

काका, कार्ड आहे, सीपी चेअरचं माहीत नव्हतं. पुढच्या शिबिराची चौकशी पंचायत समितीत करतो. भाऊ रविवारी वन उद्यान पाहायला जातोय: फाटक, पायऱ्या, मोहोळ, रेंज, संडास, शेजारचं वावर, एवढं त्याला लिहून दिलं आहे. अजून काही सुचलं तर शनिवारपर्यंत सांगा.